दक्षिणेपासून पंचवीस अंश

त्या गुरुवारी मी जिन्याच्या पायऱ्या इतक्या वेळा चढले-उतरले की शेवटी आई म्हणाली, "वर काही वाळत घातलंयस का? मग एकदाच जाऊन बस ना तिथं."

वाळत काही घातलं नव्हतं. मी आभाळ बघायला अगाशीवर जात होते. बडोद्यात गच्चीला अगाशी म्हणतात, आणि आमचं कुटुंब जळगावकडून येऊन इतकी वर्षं झाली की आम्हीही तेच म्हणतो. डिसेंबर संपत आला होता. थंडी नुकती कुठे जमत होती आणि तेवढ्यात पश्चिमेकडून पिंजलेल्या कापसासारखे पातळ ढग यायला लागले होते. ते फार उंचावर असतात, बर्फाच्या कणांचे असतात आणि त्यांच्यामागून बहुतेक वेळा जाड ढग येतात, हे मला माहीत होतं. माहीत असल्याचा उपयोग मात्र काही नव्हता. मला रविवारी ऊन हवं होतं.

रविवारी आमच्या सोसायटीत परीक्षा होती आणि त्या परीक्षेवर माझी नोकरी अवलंबून होती.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. माझे वडील, आबा, रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर, आईची चौथी झालेली. भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले तेव्हा आबांनी पेढे वाटले आणि दुसऱ्याच दिवशी बी.एड.चं काढलं. शिक्षिका होणं त्यांना समजत होतं. मला वर्गात उभं राहायचं नव्हतं. मला एका जागी उभंच राहता येत नाही. दांडिया बाजारात एक दुकान होतं, सूर्याच्या उन्हावर पाणी तापवायची यंत्रं विकायचं आणि बसवून द्यायचं. तेव्हा असली दुकानं नवी नवी निघत होती. रंगीत टीव्ही, केबल, हप्त्यावर स्कूटर, सगळंच नवं येत होतं, त्यात हेही. मी तिथं जाऊन सरळ विचारलं, माणूस हवाय का. शेठ म्हणाले, "माणूस हवाय. तू तर बेन आहेस." मी म्हटलं, जिना मलाही चढता येतो.

त्यांनी सहा महिने बघतो म्हणून ठेवली. सहा महिने मी टेलिफोन घेतला, पत्रकं वाटली आणि मिस्त्रीच्या मागे छपरांवर हिंडले. मुदत संपत आली तेव्हा शेठनी सांगितलं, "तुमच्या मांजलपूरच्या सोसायटीची ऑर्डर आण. आली, तर बसवायचं काम तुझ्या हाताखाली. नाही आली, तर बेन, बी.एड. काही वाईट नसतं." ते हसून बोलले, पण बोलले.

आमची सोसायटी म्हणजे चोवीस टेनामेंट, एकमेकांना चिकटलेली बैठी घरं, दोन रांगांत. निम्मी रेल्वेवाल्यांची, काही गुजराती, आणि सेक्रेटरी मात्र जुने बडोदेकर मराठी. त्यांचे आजोबा संस्थानच्या काळात कुठल्याशा खात्यात मोठे हुद्देदार होते. जुन्या शहरातल्या घडियाळी पोळ या गल्लीतलं घर सोडून ते इकडे राहायला आले होते आणि बोलण्यात अर्धी गुजराती घेऊन आले होते. आबा त्यांना साहेब म्हणायचे. आबा वर्कशॉपच्या साहेबांनाही साहेब म्हणायचे, पण तिथं पगार मिळायचा. इथं कशाला, असं मला वाटायचं, आणि मी हट्टानं काका म्हणायचे.

ऑर्डरचं जवळजवळ ठरलंच होतं. गीझरच्या बिलांनी सगळे कावले होते. आबांनी घरोघर जाऊन सांगितलं होतं, आमची पोरगी शिकलेली आहे, ती फसवणार नाही. मीटिंगमध्ये मी चित्र काढून दाखवलं: काच, काचेखाली काळा पत्रा, पत्र्याला चिकटलेल्या तांब्याच्या नळ्या. पाणी तापलं की हलकं होतं, हलकं झालं की आपोआप वरच्या टाकीत चढतं, थंड पाणी खाली उतरतं, पंप लागत नाही. सगळे माना हलवत होते. मग सेक्रेटरीकाकांनी विचारलं, "तोंड कुठे करणार?"

मी म्हटलं, "दक्षिणेला."

मीटिंग तिथंच थांबली.

"दक्षिणेला?" ते म्हणाले. "बेटा, सूर्य उगवतो पूर्वेला. आपण अर्घ्य देतो पूर्वेला, नमस्कार घालतो पूर्वेला. आणि सूर्याचं यंत्र तू यमाच्या दिशेला तोंड करून बसवणार?"

"काका, या दिवसांत सूर्य नेमका पूर्वेला उगवतही नाही. दक्षिणेकडे सरकून उगवतो, दिवसभर दक्षिणेच्या बाजूनं जातो, आणि मावळतोही तिकडेच सरकून. पृथ्वीचा आस कललेला आहे. हिवाळ्यात आपली बाजू सूर्यापासून मागे झुकलेली असते, म्हणून तो आपल्याला खाली दिसतो, दक्षिणेत. गरम पाणी लागतं हिवाळ्यात. मग तोंड तिकडे नको?"

"आस," काका म्हणाले आणि शेजारच्या गुजराती काकांकडे बघून हसले. "हवे आपणे आसनुं कहेलुं मानवानुं." आता आपण आसाचं ऐकायचं म्हणे.

सगळे हसले. मीटिंगला आलेल्या बायकासुद्धा. आबा जमिनीकडे बघत होते.

मी तेव्हाच्या तेव्हा बोलून गेले. म्हटलं, दोन यंत्रं आणते दुकानातून, छोटी, नमुन्याची. एक तुमच्या पूर्वेला तोंड करून ठेवते, एक माझ्या दक्षिणेला. सारखी काच, सारखं पाणी. रविवारी सकाळी दहाला सगळ्यांनी या आणि हात घालून बघा. ज्याचं पाणी गरम, त्याचं खरं.

"चालशे," काका म्हणाले. "दहा. साडेदहाला मॅच आहे."

दहा का म्हटलं ते आजही सांगता येणार नाही. लोक नाश्ता करून येतील, अंघोळी झालेल्या असतील, एवढाच विचार केला असेल. गुरुवारी ढग आले तेव्हासुद्धा मला ढगांचीच धास्ती होती. दहाची नव्हती.

शुक्रवारी आभाळ पूर्ण झाकलं. टीव्हीवर बातम्यांच्या शेवटी उपग्रहाचं चित्र दाखवायचे, त्यात पाकिस्तान आणि राजस्थानवर मोठा पांढरा धब्बा होता आणि त्याचं शेपूट आमच्यावर आलेलं. भूमध्य समुद्राकडून निघालेली ही हवा हिवाळ्यात उत्तरेकडून जाते, पंजाबात पाऊस टाकते, आमच्याकडे कधीतरी तिची झालर पोचते. त्या पावसाला मावठं म्हणतात. गव्हाला ते चांगलं असेल. मी दुकानातून हातगाडीवर दोन यंत्रं आणून अगाशीवर चढवली होती आणि त्यांच्यावर बारीक थेंब पडत होते.

आबा वर आले, यंत्रांकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं.

"पोरी, ऊन नसलं तर?"

"तर दोन्ही थंड."

"मग?"

"मग पुढचा रविवार."

"पुढच्या रविवारी कोण येईल?" ते म्हणाले. "आजच सगळे विचारतात, तुमच्या मुलीचं काय झालं. मी सांगून बसलोय ना दारोदार."

ते मला दोष देत नव्हते. त्यांनी फक्त सांगितलं आणि खाली गेले. मी तिथंच फेऱ्या मारत राहिले, या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत. ढगांमुळे हवा उबदार होती, स्वेटर नको होता. दिवसा तापलेली जमीन संध्याकाळी आपली ऊब वर फेकते, ढग असले की ते ती अडवून परत खाली पाठवतात, गोधडी पांघरल्यासारखं. आईला ते बरं वाटत होतं, तिचे गुडघे दुखत नव्हते. मला त्या उबेचा राग येत होता. मला थंडी हवी होती, कडक, कोरडी, कारण थंडी पडली म्हणजे गोधडी निघाली.

शनिवारी दुपारी वारा फिरला. आधी दक्षिणेकडून येत होता, दमट. चारच्या सुमाराला उत्तरेकडून यायला लागला आणि ओठ कोरडे पडले. पश्चिमेला ढगाखाली निळी पट्टी दिसली. ती रुंदावत गेली. मी आईला खाली जाऊन सांगितलं, उद्या थंडी पडणार. ती म्हणाली, "आणि तू नाचतेस."

रविवारी उजाडलं तेव्हा तोंडातून वाफ निघत होती. आभाळ असं धुतलेलं की बघवत नव्हतं. मावठ्याच्या थेंबांनी धूळही बसवली होती. सूर्य समोरच्या रांगेच्या टाक्यांमागून वर आला, नेमक्या पूर्वेच्या बराच उजवीकडे, मी म्हटलं होतं तिथं. दोन्ही टाक्यांत मी आदल्या संध्याकाळी भरलेलं थंड पाणी होतं, बर्फच. मी काचा पुसल्या. परत पुसल्या. नऊ वाजता पहिल्यांदा हात घातला.

पूर्वेकडचं पाणी कोमट होतं. माझ्या दक्षिणेकडचं जवळजवळ थंड.

मी पुन्हा घातला. मग मी काचेकडे बघितलं, सूर्याकडे बघितलं, आणि चूक कळली. सूर्य अजून आग्नेयेला होता आणि खाली होता. पूर्वेकडे तोंड केलेल्या काचेवर तो उगवल्यापासून सरळ पडत होता. माझ्या काचेवर तिरका घसरत होता. माझ्या काचेची वेळ अजून यायची होती. दहाच्या आसपास तिच्यावर पूर्वेइतकं ऊन पडायला लागणार, पाणी बरोबरीला यायला अकरा होऊन जाणार, मग ती पुढे जाणार आणि दुपारभर पुढेच राहणार. हे मला कागदावर काढता आलं असतं. बी.एस्सी.ला असली गणितं मी झोपेत सोडवली होती. आणि मी लोकांना दहाला बोलावून बसले होते.

दहाला ते आले. येणार नाहीत अशी मला आशा वाटायला लागली होती, पण रेल्वेवाले वेळेवर येतात. सेक्रेटरीकाका, त्यांची बायको, गुजराती काका, आबांच्या वर्कशॉपमधले तिघे-चौघे, मागे बायका. एकेकानं हात घातला.

"आ तो गरम," गुजराती काका म्हणाले. दुसरीकडे घातला. "अने आ तो बेन, फ्रीज छे."

हशा झाला. आबांच्या वर्कशॉपमधले एक काका हसत म्हणाले, "पोरीनं थंड पाण्याचं मशीन काढलंय. उन्हाळ्यात घेऊ आम्ही."

सेक्रेटरीकाका हसले नाहीत. त्यांनी रुमालानं हात पुसला, घडी घातली, खिशात ठेवली आणि म्हणाले, "निकाल लागला. घ्यायची तर पूर्वेला तोंड करून घेऊ. नाही तर दुसरं दुकान बघू."

"काका, चारला या."

"दहा तू म्हणालीस."

"मी चुकीची वेळ सांगितली. पाणी सकाळी तापवून ठेवायचं नाही, दिवसभर तापवून टाकीत ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वापरायचं. मग मोजायचं कधी? दिवस संपताना. चारला या."

"म्हणजे हरल्यावर खेळ पुढे ढकलायचा."

मला राग आला. राग आला की माझा आवाज चढतो, आणि आवाज चढला की लोक शिकलेपणाचा ताठा म्हणतात. मी तोंड मिटलं. ते जिन्याकडे वळले. तेव्हा आबा म्हणाले, "साहेब, मशीन उन्हातच आहे. कुठं जात नाही. चारला चहा आमच्याकडे."

चहाला नाही म्हणणं सोसायटीत बसत नाही. काका म्हणाले, "बराबर. चारला." आणि सगळे मॅच बघायला गेले.

आता सहा तास. मला कुणी म्हटलं असतं की शांत बस, तर मी त्याला खाली ढकललं असतं. खालून प्रत्येक घरातून तीच कॉमेंट्री येत होती, एखादी विकेट पडली की चोवीस घरांतून एकच आवाज. मी दर थोड्या वेळानं हात घालत होते. अकराच्या पुढे दोन्ही सारखी. मग माझी पुढे, बोटभर पुढे. मी दूधवाल्यासारखी हात घालून बघत होते आणि प्रत्येक वेळी झाकण उघडून थोडी वाफ घालवत होते, तेही मला कळत होतं. शेवटी स्वतःला दुसरं काम दिलं.

दुकानात मिस्त्री होकायंत्र वापरायचा. मला त्याचा भरवसा नव्हता, कारण स्लॅबमध्ये लोखंडी सळ्या असतात आणि सुई त्यांच्याकडे ओढली जाते. मी कठड्याच्या खिळ्याला आबांचा ओळंबा बांधला, गवंडी भिंत सरळ आहे की नाही ते बघायला दोऱ्याला वजन लावून सोडतात तो. त्या दोऱ्याची सावली जमिनीवर पडते आणि सरकत जाते. सूर्य दिवसाच्या सर्वांत उंच जागी आला की सावली सर्वांत आखूड होते, आणि तेव्हा ती नेमकी उत्तर दाखवते. घड्याळाच्या बाराला नाही. आपलं घड्याळ पार तिकडे मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेवर लावलेलं आहे आणि बडोदं तिच्या बरंच पश्चिमेला. सूर्य आधी त्यांच्याकडे माथ्यावर येतो, मग आमच्याकडे. आमचे बारा त्या दिवसांत साडेबारा होऊन गेल्यावर वाजतात.

मी खडूनं सावलीच्या टोकावर खुणा करत गेले. आखूड, आखूड, आणखी आखूड, मग थबकली, मग परत वाढायला लागली. सर्वांत आखूड खुणेपासून दोऱ्यापर्यंत रेघ मारली. उठून उभी राहिले तेव्हा माझीच सावली त्या रेघेच्या बाजूला पडली होती, माझ्याएवढी लांब, ना कमी ना जास्त. बडोद्यात हिवाळ्याच्या त्या टोकाला दुपारी असंच होतं, सूर्य आभाळाच्या बरोबर अर्ध्यावर असतो. जूनमध्ये दुपारी हीच सावली पायाखाली शोधावी लागते. त्या क्षणी मला फार बरं वाटलं. मग खाली कुणीतरी आउट झालं, ओरडा उठला आणि मी परत टाकीकडे धावले.

दोननंतर पूर्वेकडच्या काचेवर ऊन नुसतं घासून जात होतं. साडेतीनपर्यंत सूर्य तिच्या पाठीमागे गेला होता. काच काळी दिसत होती, मेलेली.

चारला फक्त सेक्रेटरीकाका, त्यांची बायको आणि गुजराती काका आले. बाकीचे म्हणे मॅच रंगात आलीय. आईनं चहा वर पाठवला. काकांनी पूर्वेच्या पाण्यात हात घातला, हलवला, काढला. मग दक्षिणेच्या पाण्यात घातला आणि झटकन मागे घेतला.

"गरम छे," ते म्हणाले.

गुजराती काकांनीही घातला. "अरे बाप. आ तो बराबर गरम." मग सेक्रेटरीकाकांच्या बायकोनं, काकूंनी, हात घातला आणि पदराला पुसला.

 जिंकल्यावर गप्प राहायला मी नंतर शिकले असं लोक म्हणतात, पण त्या दिवशीही राहिले होते.

काका कठड्याशी जाऊन उभे राहिले. बशीत चहा ओतला, प्यायले. मग म्हणाले, "गरम आहे, मान्य. आसाचंही मान्य, जा. तरी मी दक्षिणेला तोंड करून काही बसवणार नाही."

"काका, आता तर तुम्ही हात..."

"ऐक. पोळमधल्या आमच्या घराचं दार दक्षिणेला होतं. मधे वाटण्या झाल्या तेव्हा भिंत फोडून ते नवं काढलं, रस्ता तिकडे म्हणून. आई नको म्हणत होती. त्याच वर्षी थोरला भाऊ गेला. माझ्याहून दीड वर्षानं मोठा. मला ठाऊक आहे तू काय म्हणशील. डॉक्टर वेगळं म्हणत होते, हृदयाचं. पण आई मरेपर्यंत त्या दारानं बाहेर पडली नाही. मागच्या बोळातून जायची." त्यांनी कप खाली ठेवला. "मला सायन्स नको सांगू. सायन्स मला कळलं."

 दहा वाजता ते हट्टी म्हातारे होते, तेव्हा त्यांच्याशी भांडता येत होतं. गुजराती काका टाक्यांकडे बघत होते. आबा माझ्याकडे. ऊन उतरत होतं आणि शेठचं हसणं मला दिसत होतं.

मग मी विचारलं, "काकू, तुमचा गॅस कुठल्या कोपऱ्यात आहे?"

"आग्नेयेला," काकू म्हणाल्या. "यांनी ओटा फोडून हलवून घेतला ना. अग्नीची दिशा ती."

"पाणी तापवणं हे काम कुणाचं? अग्नीचं की नाही?"

काकांनी मान वळवली.

हे बोलताना मला अवघडल्यासारखं होत होतं. वास्तूवर माझा काडीचा विश्वास नव्हता, आजही नाही. पण मी त्यांना खोटं काही सांगत नव्हते. त्यांच्याच घरातलं त्यांना विचारत होते. म्हटलं, "दक्षिण नको, पूर्व मला नको. आग्नेय घ्या. दोन्हीच्या मधली. अग्नीची."

"पाणी तापेल?"

"पूर्वेपेक्षा कितीतरी जास्त. दक्षिणेपेक्षा थोडं कमी. जितकं दक्षिणेकडे वळाल तितकं चांगलं."

"मग अर्ध्यावर ठेव. बरोबर मधोमध. पंचेचाळीस."

"पंचेचाळीस कशाला? दिशा आठ. तीनशे साठला आठनं भागा. एकेकीच्या वाट्याला पंचेचाळीस अंश येतात, निम्मे तिच्या मधल्या रेषेच्या इकडे, निम्मे तिकडे. म्हणजे आग्नेय दक्षिणेपासून साडेबावीस अंशांवर सुरू होते. तेवीसवर ठेवू."

"तेवीस म्हणजे उंबऱ्यावर," काका म्हणाले. "उंबऱ्यावर उभा तो धड घरात नाही, धड बाहेर नाही. चाळीस कर."

"चाळीसला जानेवारीत दुपारचं ऊन वाया जाईल. पंचवीस."

"पस्तीस."

"पंचवीस, काका. आत आलाय की नाही? उंबऱ्याच्या आत अडीच अंश."

"बेन भाजीवाळी जेवी छे," गुजराती काका म्हणाले. भाजीवालीसारखी भाव करते. "त्रीसमां पतावो." तीसवर मिटवा म्हणे.

"तीस नाही," मी म्हटलं. "ही भाजी नाही. मी दुकानाच्या फायद्याचं नाही सांगत, तुमच्या अंघोळीचं सांगतेय."

काकू म्हणाल्या, "अहो, पंचवीसवर घ्या. पहाटे उठून अंघोळ मला करायची असते, तुम्हाला नाही. तुम्ही नऊला उठता."

त्यावर सगळेच हसले, आणि या वेळी काकाही. त्यांनी खडूची रेघ बघितली. "ही कशाची?"

"खरी उत्तर-दक्षिण. सावलीवरून काढली."

मी कोनमापक आणला, रेघेच्या टोकावर ठेवला, पंचवीसवर खूण केली आणि दोरा ताणला. दुसरं टोक धरायला आबा वाकत होते, तर काकाच मांडी घालून बसले आणि त्यांनी ते बोटाखाली दाबून धरलं. त्या दोऱ्यावरून मी दुसरी रेघ मारली. ते ती रेघ डोळा बारीक करून बघत राहिले, जिकडे जात होती तिकडे, कठड्यापलीकडे, गुजराती काकांच्या टाकीवरून.

"सगळ्या घरांना अशीच?" त्यांनी विचारलं.

"ज्यांना हवी त्यांना अशी. ज्यांना चालेल त्यांना सरळ दक्षिण."

"तसं नाही. सोसायटी एक आहे. एकसारखं दिसायला हवं." मग ते आबांकडे वळले. "तुमच्या घरावर कसं बसवणार?"

आबांनी साहेब म्हणायला तोंड उघडलं असावं, पण म्हटलं नाही. म्हणाले, "आमच्या घरावर पोरगी म्हणेल तसं."

"पण वेगळं दिसेल."

"दिसू द्या."

 काका उठले, गुडघे झटकले, म्हणाले, "ठीक. तेवीस घरं पंचवीस अंश. एक तुमचं." आणि गुजराती काकांचा हात धरून जिना उतरले. मॅच संपायला अजून वेळ होता.

सोमवारी दुकान उघडायच्या आधीच मी पायरीवर उभी होते. शेठ मोपेडवरून उतरले, कुलूप काढलं, अगरबत्ती लावली, मग माझ्याकडे बघितलं.

"शूं थयूं?" काय झालं ते सांग.

मी सांगितलं. चोवीस. सगळी.

"दक्षिण?"

"तेवीसांची आग्नेय. पंचवीस अंश."

"पंचवीस?" ते म्हणाले. "चौकोनी अगाशीवर तिरकं दिसेल ते. लोक म्हणतील, मिस्त्रीनं दारू पिऊन बसवलं."

"म्हणू देत. पाणी तापलं की गप्प बसतील."

"आणि ढग आले परत, मावठं आलं, सोसायटीवाले तुझ्या दारात आले, तर काय सांगशील?"

"सांगेन की ढगांचं माझ्याकडे नाही." मला उभं राहवत नव्हतं. टेम्पो ठरवायचा होता, मिस्त्रीला उठवायचं होतं, आणि दुपारी साडेबाराच्या आत निदान पहिल्या दोन अगाशांवर ओळंब्याचा दोरा लावायचा होता, नाही तर एक आख्खा दिवस जाणार होता. "गोडाऊनची किल्ली द्या, शेठ. ऊन आहे तोवर."